एका देशात स्पीच थेरपीचे शिक्षण आणि दुसऱ्या देशात परवाना: हे कितपत जमते?

उंबरठा

नमस्कार. माझी पदवी भाषाशास्त्रातील आहे आणि आता मला वाचा-भाषा उपचाराचे, म्हणजे स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीचे, पदव्युत्तर शिक्षण परदेशात घ्यायचे आहे. ब्रिटनमधील दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला सोयीचा वाटतो, कारण तेथे दुसऱ्या विषयातील पदवीधरांनाही थेट प्रवेश मिळतो. मात्र माझे पती अमेरिकेत नोकरी करतात आणि शिक्षण संपल्यावर मला तेथेच काम करायचे आहे. या दोन देशांच्या व्यावसायिक संघटनांमध्ये परस्पर मान्यतेचा करार आहे, असे वाचनात आले. तेव्हा ब्रिटनमध्ये शिकून पुढे अमेरिकेत काम सुरू करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे का? ज्यांनी असे केले आहे, किंवा करायचे ठरवून नंतर बेत बदलला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शब्दवेध

उंबरठा, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि ते आधी वेगळे करायला हवेत. संघटनेचे प्रमाणपत्र ही एक गोष्ट, रुग्णावर उपचार करण्याचा कायदेशीर परवाना ही दुसरी, आणि त्या देशात नोकरी करण्याची मुभा देणारा व्हिसा ही तिसरी. तुम्ही म्हणता तो करार फक्त पहिल्या गोष्टीपुरता आहे. तो २००४ मध्ये अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांतील संघटनांनी केला, आणि पुढे आयर्लंड व न्यूझीलंड येथील संघटनाही त्यात आल्या. त्याचा अर्थ इतकाच की एका संघटनेचे पूर्ण प्रमाणपत्र ज्याच्याकडे आहे, त्याचे शिक्षण दुसरी संघटना पहिल्यापासून तपासत बसत नाही.

अमेरिकेत परवाना राज्य देते. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजे आशा, ही संघटना सीसीसी हे प्रमाणपत्र देते. बहुतेक राज्ये ते पुरावा म्हणून मानतात, पण अर्ज, शुल्क आणि कागदपत्रांची छाननी प्रत्येक राज्याची स्वतंत्र असते. म्हणून तुमचे पती ज्या राज्यात राहतात, त्या राज्याच्या परवाना मंडळाचे नियम आधी वाचा आणि मगच विद्यापीठांची माहितीपत्रके उघडा. परदेशी पदवीधरांसाठी त्या मंडळाने वेगळे काय मागितले आहे, हे तेथेच कळेल.

सरलरेषा

म्हणजे करार असूनही पुन्हा परीक्षा द्यावी लागते का?

शब्दवेध

होय, अमेरिकेत येणाऱ्याला प्रॅक्सिस ही परीक्षा चुकत नाही. तिच्यात १३२ प्रश्न असतात, वेळ अडीच तासांचा असतो आणि १०० ते २०० या मापावर किमान १६२ गुण लागतात. अभ्यास नीट झालेला असेल तर ती अवघड नाही. मात्र अमेरिकेतील कायदे आणि शाळांमधील कार्यपद्धती यांवरचे प्रश्न बाहेर शिकलेल्यांना अडवतात, कारण ते विषय इतर देशांच्या अभ्यासक्रमात नसतात.

कंठस्थ

मी ब्रिटनमध्ये शिकलो आणि तेथेच रुग्णालयात काम करतो. शब्दवेध यांनी जे सांगितले त्याची दुसरी बाजू मांडतो.

ब्रिटनमध्ये ‘स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट’ हे बिरुद कायद्याने संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे, म्हणजे एचसीपीसीकडे, नोंदणी केल्याशिवाय ते कोणालाही लावता येत नाही. रॉयल कॉलेज ही येथील स्पीच थेरपिस्टांची व्यावसायिक संघटना; तिचे सदस्यत्व ही त्याहून निराळी बाब आहे. आंतरराष्ट्रीय करारात सहभागी आहे ते रॉयल कॉलेज, एचसीपीसी नव्हे. आता तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की पदवी हातात पडताच कराराचा लाभ घेता येत नाही. नवीन पदवीधराला नोकरीत राहून क्षमतांची एक ठरावीक यादी वरिष्ठांच्या सहीने पूर्ण करावी लागते आणि त्यानंतरच पूर्ण दर्जाचे सदस्यत्व मिळते. त्यात साधारण एक वर्ष जाते. तुम्ही दोन वर्षांचा हिशेब मांडला आहे. तो तीन वर्षांचा मांडा.

दुसरी गोष्ट तासांची. आमच्याकडे प्रात्यक्षिक सत्रांमध्ये मोजतात, अर्धा दिवस म्हणजे एक सत्र. अमेरिकेत मात्र प्रत्यक्ष रुग्णासोबत घालवलेला वेळ मोजला जातो. तेथील प्रमाणपत्रासाठी ४०० तास लागतात. त्यातील २५ तास निरीक्षणाचे आणि ३७५ तास स्वतः काम केल्याचे असावे लागतात, आणि ४०० पैकी ३२५ तास पदव्युत्तर पातळीवर झालेले असावे लागतात. माझ्या वर्गातील एक मैत्रीण पुढे अमेरिकेला जाणार होती. तिने पहिल्या आठवड्यापासून एक वही ठेवली होती. तारीख, रुग्णाचे वय (नाव कधीही नाही), विकार कोणता, तपासणी की उपचार, किती मिनिटे आणि पर्यवेक्षकाची सही, असे सहा रकाने तिने आखले होते आणि दिवस संपण्याआधी ती सही घेत असे. आम्हाला तेव्हा तो अतिरेक वाटायचा. पुढे अर्ज भरताना तिला विद्यापीठाकडून फक्त त्या वहीच्या आधारावर एक पत्र घ्यावे लागले आणि काम झाले. दोन वर्षांनी पर्यवेक्षक नोकरी सोडून गेलेले असतात, वॉर्ड बंद झालेले असतात, आणि त्या वेळी कोणालाही काहीही आठवत नाही.

दक्षिणध्रुव

कंठस्थ यांच्या वहीला माझे पूर्ण अनुमोदन आहे. ऑस्ट्रेलियात तर ती अधिकच गरजेची आहे, कारण येथे विद्यार्थ्याचे मूल्यमापन तासांवर होत नाही. कॉम्पास नावाच्या साधनाने त्याची क्षमता पाहिली जाते. विद्यार्थी स्वतंत्रपणे काम करण्याच्या पातळीला पोचला का, हे महत्त्वाचे. पद्धत म्हणून मला ती अधिक न्याय्य वाटते. परंतु तासांचा आकडा मागणाऱ्या देशाकडे जाताना तुमच्या हातात आकडा नसतो.

येथील आणखी एक वेगळेपण बाहेरच्यांना गोंधळात टाकते. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट यांची नोंदणी सरकारी यंत्रणेकडे होते, पण स्पीच पॅथॉलॉजिस्ट तिच्यात येत नाहीत. हा व्यवसाय स्वनियंत्रित आहे आणि स्पीच पॅथॉलॉजी ऑस्ट्रेलिया ही संघटनाच प्रमाणित व्यावसायिकाचा दर्जा देते. म्हणून येथे शिकलेल्याकडे ‘सरकारी परवाना क्रमांक’ नसतो. परदेशी मंडळाच्या अर्जात तो रकाना भरायची वेळ आली की संघटनेकडून तसे स्पष्ट करणारे पत्र घेऊन जोडावे.

लेखणीबंद

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात बसेल असे वाटते. माझ्याकडे चार वर्षांची पदवी आहे आणि तिच्यात श्रवणशास्त्र व वाचा-उपचार हे दोन्ही विषय एकत्र होते. ज्या देशात मी शिकले, तो त्या सहा देशांच्या करारात नाही. मला पुन्हा दोन वर्षे शिकण्याची गरज आहे का?

शब्दवेध

लेखणीबंद, ते कोणत्या देशात जाणार यावर अवलंबून आहे. अमेरिकेत हे दोन व्यवसाय पूर्णपणे वेगळे आहेत. श्रवणशास्त्रासाठी तेथे डॉक्टरेट पातळीची पदवी लागते, आणि वाचा-उपचारासाठी पदव्युत्तर पदवी. तुमचे श्रवणचाचण्यांचे शेकडो तास वाचा-उपचाराच्या ४०० तासांत जवळजवळ उपयोगी पडत नाहीत. उच्चार, अडखळत बोलणे, आवाज, भाषा, गिळणे, आकलन, सामाजिक संवाद, पर्यायी संवादसाधने अशा सगळ्या क्षेत्रांचा अनुभव त्यांना दिसावा लागतो. पदवीच्या पातळीवरच्या शिक्षणानंतर अमेरिकेत यायचे असेल तर तेथील मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम करणे हाच सरळ मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंठस्थ

ब्रिटनसाठी उत्तर निराळे आहे. येथे व्यवसायात प्रवेशासाठी पदवीची पातळी पुरते, त्यामुळे लेखणीबंद यांना आंतरराष्ट्रीय अर्जदार म्हणून थेट एचसीपीसीकडे अर्ज करता येईल. ते अभ्यासक्रमाचा तपशील पाहतात, अनुभव पाहतात आणि उणीव आढळली तर ती कशाने भरून काढायची ते सांगतात. खरी कसोटी इंग्रजीची आहे. इतर बहुतेक आरोग्य व्यवसायांना आयईएलटीएसमध्ये सरासरी ७ गुण पुरतात; स्पीच थेरपिस्टला ८ लागतात आणि कोणत्याही विभागात ७.५ च्या खाली जाऊन चालत नाही.

सरलरेषा

हा भेदभाव नाही का? उत्तम काम करणाऱ्या व्यक्तीला केवळ निबंधलेखनाच्या अर्ध्या गुणासाठी थांबवणे मला पटत नाही.

अक्षरओळख

सरलरेषा, लेखनाच्या गुणाबद्दल तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अट वरची असण्यामागचे कारण मला रोजच्या कामात दिसते. पक्षाघातानंतर ज्याची भाषा गेली आहे असा रुग्ण ‘चमचा’ म्हणण्याऐवजी ‘काटा’ म्हणतो की ‘चमका’ म्हणतो, यावरून बिघाड अर्थाच्या पातळीवर आहे की ध्वनीच्या, हे ठरते आणि पुढचे सगळे उपचार त्यावर बेततात. ज्या भाषेत हे ऐकायचे आहे, तिच्यातला असा अर्धवट, मोडका शब्दही आपल्याला नेमका ऐकू यायला हवा. इतर व्यवसायांत भाषा हे रुग्णाशी बोलण्याचे साधन असते. आपल्याकडे तीच तपासायची वस्तू आहे. जर्मनीत तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडून सी२, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचे जर्मन मागतात, आणि ते मला योग्य वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी ब्रिटनमध्ये शिकून अमेरिकेतील शाळेत काम करते आहे, म्हणजे उंबरठा यांना जे करायचे आहे नेमके तेच मी केले आहे. कागदपत्रांबद्दल वर सगळे आले आहे, म्हणून मी प्रत्यक्ष कामाबद्दल लिहिते.

अमेरिकेतील शाळांमध्ये ‘र’ नीट न येणारी मुले भरपूर असतात. आठ-दहा वर्षांची, बाकी सगळे ध्वनी स्वच्छ, पण ‘र’ च्या जागी ‘व’ सारखे काहीतरी. इंग्लंडमध्ये मी ज्या भागात शिकले तेथील बोलीत ‘कार’ या शब्दाच्या शेवटचा ‘र’ मुळात उच्चारलाच जात नाही, त्यामुळे स्वरानंतरच्या ‘र’ वर काम करण्याचा प्रसंग विद्यार्थिदशेत आला नव्हता. अमेरिकन ‘र’ दोन प्रकारे तयार होतो. काही जण जिभेचे टोक वर वळवतात, तर काही टोक खाली ठेवून जिभेचा मधला भाग फुगवतात, आणि कानाला दोन्ही सारखेच लागतात. दोन्हींत जिभेच्या मागच्या कडा वरच्या दाढांना टेकलेल्या असाव्या लागतात. मी आता मुलाला आधी तेवढेच करायला लावते: तोंड किंचित उघडे, जिभेच्या कडा दाढांना, आवाज अजिबात नाही. ते स्थिर झाले की मगच आवाज. मराठीतला ‘र’ टाळूजवळ क्षणभर आपटून सुटतो, त्यामुळे माझी स्वतःची जीभही या बाबतीत मला मार्गदर्शन करू शकत नव्हती. हे सगळे नोकरीत शिकावे लागले.

कायदा हाही तितकाच मोठा विषय आहे. अमेरिकेत शाळेतील थेरपी आयडिया या कायद्याखाली चालते आणि प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी शैक्षणिक आराखडा असतो. त्यातील उद्दिष्टे मोजता येतील अशीच लिहावी लागतात. इंग्लंडमध्येही गरजू मुलांसाठी शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांची योजना असते, पण तिची घडण आणि त्यातील थेरपिस्टची भूमिका वेगळी आहे. शब्दवेध यांनी प्रॅक्सिसबद्दल जे म्हटले ते येथे लागू पडते.

कंठस्थ

अक्षरओळख यांच्याशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. प्रौढांच्या रुग्णालयात काम करायचे असेल तर देश बदलणे पुष्कळ सोपे जाते. गिळण्याच्या विकारात घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका सगळीकडे सारखीच. पूर्वी द्रवाच्या दाटपणाला प्रत्येक देशात वेगळी नावे होती. आता आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत ० ते ७ असे स्तर आहेत. तळाच्या तोंडावर बोट धरून १० मिलीची सिरिंज भरायची, मग ते बोट काढायचे आणि १० सेकंदांनी किती द्रव उरला ते पाहायचे. ४ ते ८ मिली उरला तर स्तर २. ही चाचणी मेलबर्नमध्ये केली काय आणि टोरांटोमध्ये केली काय, उत्तर एकच येते. उंबरठा यांनी आपल्याला मुलांसोबत काम करायचे आहे की प्रौढांसोबत, याचाही निर्णयात विचार करावा.

मध्यममार्गी

वरील सर्वांचा रोख ‘जेथे काम करायचे तेथेच शिका’ असा दिसतो. मला तो पूर्ण मान्य नाही. जोडीदाराची नोकरी आज अमेरिकेत आहे, पाच वर्षांनी ती आयर्लंडमध्ये असू शकते. ज्यांच्या आयुष्यात स्थलांतर गृहीत आहे त्यांनी एका राज्याच्या नियमांना बांधून घेण्यापेक्षा जास्तीत जास्त ठिकाणी चालेल अशी पदवी घ्यावी. पदवी पदव्युत्तर पातळीची असावी, मुले आणि प्रौढ दोन्हींचे प्रात्यक्षिक त्यात असावे, आणि ती करारातील सहापैकी एका देशाची असावी. या निकषांवर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका सारख्याच तोलाचे ठरतात. मग जेथे प्रवेश लवकर मिळतो तेथे का जाऊ नये?

शब्दवेध

मध्यममार्गी, तुमचा स्थलांतराचा मुद्दा मी मान्य करतो. पण त्यात एक खाच आहे. करार मूळ शिक्षणापुरता आहे. ब्रिटनमध्ये शिकून ब्रिटनचे प्रमाणपत्र घेतले तर इतर पाच दारे उघडतात. परंतु कराराच्या बाहेरच्या देशात शिकून, ब्रिटनमध्ये आंतरराष्ट्रीय अर्जदार म्हणून प्रवेश मिळवून, त्या आधारावर पुढे करारातून ऑस्ट्रेलियाला जाता येईल असे समजू नये. लेखणीबंद यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आता उंबरठा यांच्यासाठी वेळेचा हिशेब मांडतो, कारण ‘लवकर’ या शब्दाची तपासणी व्हायला हवी. ब्रिटन: शिक्षणाची दोन वर्षे, नवपदवीधराच्या क्षमतांसाठी साधारण एक वर्ष, त्यानंतर आशाकडे अर्ज, प्रॅक्सिस आणि राज्याचा परवाना. अमेरिका: पूर्वतयारीच्या विषयांना साधारण एक वर्ष, पदव्युत्तर दोन वर्षे, आणि मग क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम. ही फेलोशिप पूर्ण वेळ केली तर ३६ आठवड्यांची आणि किमान १,२६० तासांची असते, आणि ती पगारी नोकरी असते. म्हणजे तीन वर्षांनंतर अमेरिकेत शिकलेली व्यक्ती तेथेच काम करत असते, तर ब्रिटनमध्ये शिकलेली व्यक्ती अर्जाचा लिफाफा बंद करत असते. शिवाय भाषाशास्त्राच्या पदवीमुळे ध्वनिशास्त्र आणि भाषाविकास यांसारखे पूर्वतयारीचे काही विषय उंबरठा यांचे आधीच झालेले असण्याची शक्यता आहे. जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक शास्त्र यांचे प्रत्येकी निदान एकेक विषय झाले आहेत का, हे गुणपत्रिकेत पाहा. आशाला ते लागतात.

रात्रपाळी

फेलोशिपबद्दल एक सावधगिरीची सूचना. विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांना पदवीनंतर सामान्यतः १२ महिने काम करण्याची मुभा मिळते. ३६ आठवडे त्यात बसतात, पण अनेक राज्यांत फेलोशिप सुरू करण्याआधी तात्पुरता परवाना घ्यावा लागतो आणि तो येईपर्यंत व्हिसाचे दिवस संपत राहतात. मी ज्या ठिकाणी रुजू होणार होते, तेथील कार्यालयाने माझे कागद बराच काळ पुढे पाठवलेच नाहीत आणि तो सगळा काळ माझ्या १२ महिन्यांतून गेला. परवान्याचा अर्ज नोकरी देणाऱ्यावर सोडू नका. पदवी मिळण्याच्या आधीच सगळी कागदपत्रे जुळवून ठेवा आणि स्वतः पाठपुरावा करा. मार्गदर्शकाकडे सीसीसी आहे याचीही स्वतः खात्री करून घ्या, नाहीतर केलेले आठवडे मोजले जात नाहीत.

जे शिक्षण बाहेर घेऊन नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत येतात, त्यांना व्हिसास्क्रीन हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे वेगळे प्रमाणपत्रही लागते. स्पीच थेरपिस्ट त्या यादीत आहेत.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. शब्दवेध यांनी मांडलेला हिशेब मी पतीसोबत बसून पुन्हा केला. माझ्या गुणपत्रिकेत ध्वनिशास्त्र, भाषाविकास आणि संख्याशास्त्र आहेत. जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र नाहीत. उरलेले बरेचसे पूर्वतयारीचे विषय काही अमेरिकन विद्यापीठे दूरस्थ पद्धतीने शिकवतात, असे दिसते. त्यामुळे ब्रिटनचा विचार बाजूला ठेवून मी अमेरिकेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांकडे अर्ज करण्याचे ठरवते आहे. मध्यममार्गी यांचा मुद्दाही मी सोडलेला नाही. म्हणून प्रात्यक्षिकासाठी शाळा आणि रुग्णालय दोन्ही मागून घेणार आहे, आणि कंठस्थ यांच्या मैत्रिणीसारखी सहा रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवणार आहे.

एक शेवटची शंका. जुन्या विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाचा तपशील आताच मागवून स्वतःजवळ ठेवावा का?

टाचणी

अवश्य मागवा, प्रत्येक विषयाचा, वर्षासह आणि विद्यापीठाच्या शिक्क्यासह. विभाग अभ्यासक्रम बदलतात आणि जुन्या प्रती सापडेनाशा होतात. मात्र ती प्रत तुमच्या माहितीसाठी आणि विषयांची जुळणी दाखवण्यासाठी ठेवा. गुणपत्रिका बहुतेक ठिकाणी विद्यापीठाकडून थेट किंवा मोहोरबंद पाकिटातच मागतात, त्यामुळे ते पाकीट कोणत्याही कारणाने स्वतः उघडू नका.

लेखणीबंद

मीही माझ्या विद्यापीठाला आजच पत्र लिहिते आहे. कंठस्थ, एचसीपीसीच्या अर्जात अनुभवाचा तपशील आणि अभ्यासक्रमाचा तपशील स्वतंत्र भरायचा असतो का?

कंठस्थ

होय, स्वतंत्र. आणि अनुभव लिहिताना श्रवणचाचण्यांचे काम वेगळे काढून, वाचा-भाषा आणि गिळण्याचे काम आधी लिहा. तपासणारे तेच शोधत असतात.